नाकावरची पाहुणी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही आधी हसणार. हसा खुशाल, मला सवय आहे. माझ्याकडे पाहून हसलं नाही असं पोर मला अजून भेटायचं आहे. मी चष्मा आहे, पण कुणाचाच नाही. माझी दोन वर्तुळं बिस्किटाएवढी गोल आहेत, त्यांच्या कडेने बारीक आकडे कोरलेले आहेत. नाकाशी एक फिरकी, कानांशी दोन फिरक्या, आणि वजन असं की लहान मुलाच्या नाकावर बसले की त्याची मान आपोआप खाली जाते. चष्म्याचा नंबर काढताना जी काळी चौकट तुमच्या नाकावर चढवतात आणि तिच्यात एकामागून एक काचा घालून "हे बरं की ते?" असं विचारून तुम्हाला भंडावून सोडतात, ती मी. दुकानात मला ट्रायल फ्रेम म्हणतात. वयाने जुनी आहे, पण अजून कामावर आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांब टेबलं, उंच खिडक्या आणि सगळीकडे पितळेचा चमचमणारा कीस. माझ्या वर्तुळांवर रेघा कोरणारे कारागीर फार चिकित्सक होते. तयार झालेली प्रत्येक फ्रेम ते स्वतःच्या नाकावर चढवून बघत. जराशी टोचली तरी पुन्हा कानस हातात घेत. शेजारचा एकदा वैतागून म्हणाला, "अहो, दोन मिनिटं तर बसायचंय तिला नाकावर. एवढं काय?"

"टोचली की माणूस खरं बोलत नाही," कारागीर म्हणाले. "कधी एकदा सुटतो असं त्याला होतं. मग तो काहीही सांगतो. दिसतं, दिसतं, सगळं दिसतं!"

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. मला वाटतं, माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात झालं.

तिथून मी आले ती थेट नंबरमावशींच्या दुकानात. त्यांचं हे नाव पुढे मुलांनी पाडलं. मी आले तेव्हा त्या अगदी तरुण होत्या, दुकान नवं होतं आणि भिंतीवरच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. दुकान तरी केवढं? एखाद्या उंच माणसाने आळस दिला तर दोन्ही भिंतींना हात लागावेत. अक्षरांचा तक्ता लांबून वाचायचा असतो, आणि दुकानात लांब अशी जागाच नाही. मग मावशींनी शक्कल लढवली. आरशात सुलट दिसावा म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे टांगला आणि समोर मोठा आरसा लावला. खुर्चीतला माणूस आरशात बघून पाठीमागचा तक्ता वाचू लागला. अर्ध्या जागेत पुरं अंतर!

माझ्या जोडीला भिंगांची पेटी होती. आत मखमलीच्या खाचा आणि प्रत्येक खाचेत एकेक गोल भिंग, शिस्तीत उभं. मावशी चिमटीत भिंग उचलत, फुंकर मारून पुसत आणि माझ्या खोबणीत सरकवत. टिक. तो आवाज मला फार आवडतो.

किती नाकं पाहिली मी! सरळ, बसकी, घामट, सर्दीने लाल झालेली. सुईत दोरा ओवता येईना म्हणून आलेले एक शिंपी होते. योग्य भिंग लागताच त्यांनी खिशातून सुई-दोरा काढून तिथेच ओवून दाखवला आणि बक्षीस मिळाल्यासारखे हसले. एक आजी होत्या. मी नाकावर बसताच त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आजोबांकडे पाहिलं आणि किंचाळल्याच, "अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?" आजोबा म्हणाले, "काढा हो ती फ्रेम! आमचा संसार बरा चालला होता."

असे दिवस आनंदात गेले. वर्षातून एकदा मी सहलीलाही जायचे. कोपऱ्यावरच्या शाळेत मावशी मुलांचे डोळे तपासायला जात. शाळेच्या लांब व्हरांड्यात सुलट अक्षरांचा दुसरा तक्ता टांगायचा, बऱ्याच अंतरावर खडूची रेघ ओढायची, आणि रेघेवर उभं राहून एकेका मुलाने वाचायचं. कुणी अडखळलं की मी त्याच्या नाकावर. त्या दिवशी व्हरांड्यात असा गोंगाट चाले की शेजारच्या वर्गातले मास्तर दार लावून घेत.

मग शाळेत स्क्रीन आले.

मित्रांनो, मी स्क्रीनची चहाडी करायला बसलेली नाही. खरं ते सांगते. शाळेत एक तरुण सर आले होते, उत्साहाने नुसते फसफसणारे. त्यांनी खटपट करून वर्गाच्या भिंतीवर मोठा स्क्रीन लावून घेतला आणि मुलांच्या हातात टॅब दिले. मुलांनी ज्वालामुखी फुटताना पाहिला, हृदय धडधडताना पाहिलं, समुद्राच्या तळाशी फिरणारे मासे पाहिले. दुकानात येणारी मुलं त्याबद्दल किती भरभरून बोलायची! वाईट काय होतं त्यात?

पण गोड लागलं म्हणून ऊस मुळासकट खाल्ला, तसं झालं. धडा टॅबवर, गणित टॅबवर, गृहपाठ टॅबवर. हळूहळू चित्रकलाही टॅबवर आली. मधल्या सुट्टीत मुलं मैदानात न जाता जिन्यावर टॅब घेऊन बसू लागली. खेळाच्या तासाला बाहेर ऊन आहे म्हणून खेळांचे नियम स्क्रीनवर दाखवले जाऊ लागले.

आणि मग डोळ्यांची तपासणीही टॅबवर आली. टॅबमध्ये अक्षरं दिसत, मुलाने बरोबर बटण दाबलं की हिरवी खूण. मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, मावशींना फोन आला. "यंदा तुम्हाला त्रास नको. आमचं सगळं आता टॅबवर होतं."

"बरं," मावशी म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी माझी फिरकी उगाचच फिरवली आणि मला परत पेटीवर ठेवलं.

त्याच सुमारास आमच्या दुकानातही मशीन आलं. हनुवटी टेकवायची, डोळा लावायचा, आत एक रंगीत फुगा दिसतो, आणि फुगा बघेपर्यंत नंबर छापलेला कागद बाहेर. मशीन हुशार होतं, मेहनती होतं, आणि कुणाच्या नाकावर बसत नव्हतं. मी खणात गेले. खणात तुटक्या दांड्या, स्क्रूंची डबी आणि वाळलेली पेनं होती. कधीमधी एखादा म्हातारा गिऱ्हाईक "मला आपली जुनी पद्धतच बरी" म्हणायचा, तेव्हा तेवढा उजेड बघायला मिळे. एरवी अंधार. वाईट वाटलं का? थोडंसं. पण खणातून ऐकू सगळं येत होतं, हे काय कमी होतं?

आणि ऐकत होते ते मात्र बरं नव्हतं. पूर्वी दुकानात लहान मूल क्वचित यायचं. आता शाळा सुटली की आया पोरांना हाताला धरून येऊ लागल्या. "सारखा डोळे चोळतो हो." "संध्याकाळ झाली की कपाळ दुखतं म्हणते." "टीव्हीसमोर अगदी जाऊन बसतो, मागे ओढलं की चिडतो." मावशी तपासत आणि समजावत. स्क्रीनकडे टक लावून बघताना आपण पापणी मिटायचंच विसरतो, मग डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. आणि दिवसभर नजर जवळच खिळली, उघड्यावर जाणं संपलं, की वाढत्या वयात लांबचं धूसर व्हायची भीती वाढते. आया माना डोलवत. घरी जाताना पोराने कटकट करू नये म्हणून त्याच्या हातात मोबाईल देत.

अशाच एका संध्याकाळी भिंत दुकानात आली.

भिंत म्हणजे खरीखुरी भिंत नव्हे. ते एका मुलीचं टोपणनाव. शाळेच्या फुटबॉल संघात ती गोलरक्षक होती. तिच्या अंगावरून चेंडू आत जाणं अशक्य, म्हणून मैत्रिणी तिला भिंत म्हणत. तिचे बाबा बसचे ड्रायव्हर. ड्रायव्हरला डोळे तपासून घ्यावे लागतात, त्यासाठी ते ड्युटी संपवून आले होते, आणि लेकीला शाळेतून सोबत घेऊन आले होते. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बाकाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला ती. मधल्या जागेत आणखी दोन माणसं बसली असती.

बाबांनी तक्ता खालच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचला. मावशींचे हात भिंगं पुसण्यात गुंतले होते. त्यांनी सहज विचारलं, "किती वाजले गं बाळ?"

घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. भिंत उठली, चालत घड्याळाच्या अगदी खाली गेली, मान वर केली आणि वेळ सांगितली.

मावशींचे हात थांबले. "ये गं इकडे जरा. तुझेही डोळे बघू."

"माझे चांगले आहेत. शाळेत टॅबवर तपासलेत. सगळं हिरवं आलंय."

"टॅब कुठे ठेवला होतास?"

"कुठे म्हणजे? हातात!"

 मावशींनी तिची हनुवटी मशीनवर टेकवली. मशीनने नंबर काढला, आणि तो काही लहानसहान नव्हता. भिंत फणकारली. "मशीनला काय कळतंय? फुगा दाखवतं आणि मनाला येईल ते छापतं. मला सगळं दिसतं!"

"मग भांडण कशाला? मशीन बाजूला ठेवू," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी खण उघडला.

किती दिवसांनी त्यांची बोटं माझ्याभोवती आली होती! मऊ फडक्याने त्यांनी मला पुसलं आणि भिंतीच्या नाकावर अलगद बसवलं. मला कारागिरांचं वाक्य आठवलं. टोचायचं नाही. ही पोरगी आधीच काहीतरी लपवून बसली आहे, निदान माझ्यामुळे तरी खोटं बोलायला नको.

टिक. एक भिंग. टिक. दुसरं.

"हे बरं की ते?"

भिंतीने मला नाकावर सावरलं.

"घाई नाही. नीट बघ. हे बरं की ते?"

"...ते."

तिचा आवाज एवढासा झाला होता. मावशी भिंगं बदलत गेल्या आणि ती एकेक ओळ खाली उतरत गेली. शेवटी ती आरशातली सगळ्यात बारीक अक्षरं वाचू लागली. हळू, एकेक अक्षर चाखत. बाबा बाकावरून उठून उभेच राहिले होते.

"चल, आता दाराशी," मावशी म्हणाल्या. "आरशात काय बघायचं? रस्ता बघ."

माझं वजन सावरत भिंत दारात आली. उतरतं ऊन होतं. समोर रस्ता, पलीकडे दुकानं, दुकानांच्या मागे एक मोठं झाड. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. नाकावर बसलेली असल्यामुळे मला तिचा श्वास कळत होता. तो मध्येच थांबला.

"झाडाला पानं आहेत," ती म्हणाली.

"पानं असतातच गं झाडाला," बाबा म्हणाले.

"तसं नाही. सुटी सुटी आहेत. मला वाटायचं लांबचं झाड असंच दिसतं, हिरवा गोळा."

मग तिने पाट्या वाचल्या. छपरावरचं मांजर दाखवलं. मावशींनी बाबांना हळूच खूण केली, "तुम्ही जरा पलीकडे जाऊन उभे राहा बघू."

बाबा रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानापाशी गेले आणि इकडे वळले. गणवेशातला तो धिप्पाड माणूस, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं बिचाऱ्याला. मग त्यांनी एक हात वर केला आणि ओशाळं हसले.

"बाबा हसतायत!" भिंत ओरडली. "मावशी, इथून दिसतंय, बाबा हसतायत!"

बाबा धावतच परत आले. त्यांचं हसू गेलं होतं. "म्हणजे त्या दिवशी स्टॉपवर तुला मी दिसलो नाही?"

"कुठल्या दिवशी?"

मग सगळा उलगडा झाला. काही दिवसांपूर्वी भिंत मैत्रिणींबरोबर बसस्टॉपवर उभी होती. बाबांची बस नेमकी तिथून चालली होती. त्या स्टॉपवर ती बस थांबत नसे, तरी बाबांनी मुद्दाम बस हळू केली, लेकीकडे बघून हात हलवला, मान झुकवून हसले. भिंतीने सरळ त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड वळवून मैत्रिणींशी बोलू लागली. बाबा बस घेऊन पुढे गेले. त्या संध्याकाळपासून घरात त्यांचं बोलणं कमी झालं. आणि बाबा का बोलत नाहीत हे न कळून भिंतही फुगली.

"मला वाटलं," बाबा म्हणाले, "मला वाटलं, मैत्रिणींसमोर बापाला ओळख दाखवायची लाज वाटते तुला. ड्रायव्हर बाप म्हणून."

"बाबा! मला नुसती बस दिसली हो. आत कोण आहे ते दिसलंच नाही. तुम्ही दिसला असतात तर मी सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं, हे माझे बाबा!"

माझ्या काचांवर आतून धुकं चढलं. मग पाणी. मित्रांनो, आजवर माझ्या भिंगांवर पुष्कळांची बोटं उमटली, पण त्या दिवसाइतकं स्वच्छ पाणी कधी लागलं नसेल. मावशींनी मला तिच्या नाकावरून काढलं तेव्हा बाबांनी तिला जवळ घेतलं होतं, आणि गणवेशाच्या बटणात तिचे केस अडकले होते.

केस सोडवताना एकेक गोष्ट बाहेर आली. वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवरचं तिला दिसत नव्हतं. म्हणून ती शेजारणीच्या वहीत बघून लिहायची. सरांना वाटलं, कॉपी करते. त्यांनी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं, तिथून तर काहीच दिसेना. मैदानात चेंडू जवळ आल्यावर एकदम दिसायचा, तोवर उशीर झालेला असायचा. मैत्रिणी म्हणू लागल्या, भिंतीला भोक पडलं.

"अगं, मग बोलायचं नाही का?" बाबा म्हणाले.

"बोलले असते तर चष्मा लागला असता. चष्मेवालीला गोलात कोण उभं करणार?"

मावशी खळखळून हसल्या. "वेडाबाई, चष्मा लावला नाही म्हणून नंबर जात नाही. नुसता चेंडू जातो!"

तेव्हा कुठे भिंतही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी दुकानाला कुलूप लावलं. एका हातात तक्त्याची गुंडाळी, दुसऱ्या हातात भिंगांची पेटी, आणि खांद्यावरच्या पिशवीत मी. आम्ही शाळेत गेलो.

मोठ्या बाईंच्या खोलीत सरही होते. मावशींनी झालेलं सांगितलं. सर आधी म्हणाले, "पण टॅबवर तर एकाही मुलाचं लाल आलं नव्हतं." आणि बोलता बोलता थांबले. त्यांनी टेबलावरचा टॅब उचलला, हातात धरला, मग हात लांब केला, मग आणखी लांब. पण हात केवढा लांब होणार?

"हे तर आपण जवळचं तपासलं," ते स्वतःशीच म्हणाले. "लांबचं तपासलंच नाही." मग मावशींकडे वळून म्हणाले, "माझ्या वर्गापासून सुरुवात करा. आत्ता. तक्ता मी टांगतो."

आणि खरंच, खुर्चीवर चढून त्यांनी स्वतः तक्ता टांगला, खडूची रेघही त्यांनीच ओढली. व्हरांडा पुन्हा गोंगाटाने भरून गेला. बहुतेक मुलांचे डोळे चांगले निघाले. काहींचे नुसते थकलेले, कोरडे. पण जी मुलं लांबच्या ओळींवर अडखळली ती एकदोन नव्हती. मी या नाकावरून त्या नाकावर उड्या मारत होते. इतकी मजा मला कितीतरी दिवसांत आली नव्हती. एक मुलगा तर मला घालून म्हणाला, "मावशी, वर्गाला एवढा मोठा फळा होता?"

मोठ्या बाई तिथून जाता जाता थांबल्या. "बघू, मलाही लावा." मावशींनी त्यांचं भिंग बसवलं. बाईंनी डोळे वर करून व्हरांड्याचं छत न्याहाळलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "शाळेत एवढी जळमटं आहेत, हे मला कुणी सांगितलं का नाही?" शिपाईकाका झाडू आणायला पळाले.

तपासणी संपल्यावर सर वर्गासमोर उभे राहिले. त्यांनी भिंतीला पुढे बोलावलं. ती घाबरली होती.

"मी हिला कॉपी करते म्हणालो होतो," सर म्हणाले. "ते माझं चुकलं. हिला स्क्रीनवरचं दिसत नव्हतं, आणि मला ते दिसत नव्हतं. आजपासून ही पुढच्या बाकावर बसेल. आणि हिची मी माफी मागतो."

 भिंत म्हणाली, "ठीक आहे सर," आणि लाजून तिने माझ्याकडेच पाहिलं, कारण मी तेव्हा समोरच्या टेबलावर होते.

मोठ्या बाईंनी मावशींना विचारलं, "मग सगळे स्क्रीन काढून टाकायचे का?"

"छे हो," मावशी म्हणाल्या. "ज्वालामुखी काय खडूने फोडणार? दोष एकट्या स्क्रीनचा नाही. काही घरांत चष्मा आईबापांकडूनच येतो. पुस्तक नाकाला लावून तासन्‌तास वाचलं तरी डोळ्यांना शीण होतोच. पण जे कागदावर होतं ते कागदावर करू द्या. मध्ये मध्ये नजर लांब जाऊ द्या. आणि मुलांना रोज उजेडात सोडा. डोळ्यांना आकाश लागतं."

तसं झालं. एका दिवसात नाही, कुरबुरत, रखडत झालं. काही पालक म्हणाले, मुलं मागे पडतील. मुलांनीही मधल्या सुट्टीत टॅब कपाटात ठेवायचे म्हटल्यावर तोंडं फुगवली. पण चित्रकलेच्या तासाला रंगांनी हात बरबटू लागले, खेळाचा तास मैदानात आला. आणि सरांनी एक नवं खूळ काढलं. शिकवता शिकवता ते मध्येच ओरडत, "खिडकी!" की सगळ्या वर्गाने हातातलं सगळं खाली ठेवून खिडकीतून शक्य तितक्या लांब बघायचं. सगळ्यात लांबची वस्तू जो ओळखेल तो त्या दिवसाचा राजा. मुलं दुकानात येऊन सांगत, "मावशी, आज आम्हाला टाकीवर बसलेला पक्षी दिसला." "पक्षी नव्हता, प्लंबर होता!" "पक्षीच होता, उडाला!" "म्हणजे प्लंबर उडाला?" मी पेटीवर बसून ऐकायचे. हो, पेटीवर. मावशींनी मला पुन्हा खणात ठेवलं नाही. मशीन आणि मी आता शेजारी शेजारी आहोत. ते नंबर काढतं, मी खात्री करते. आमचं छान जमतं.

भिंतीला खेळताना निसटू नये असा पट्ट्याचा चष्मा मिळाला. पहिल्या सामन्यात तिने एक गोल खाल्ला आणि बाकीचे सगळे अडवले. मैत्रिणी आता तिला काचेची भिंत म्हणतात. नाव तिला आवडलं आहे. बाबांची बस आता तिला दुरूनच ओळखू येते, आणि ती एवढ्या जोरात हात हलवते की कधीकधी भलतेच प्रवासी तिला हात दाखवतात. वर्षभराने ती पुन्हा तपासणीला आली. नंबर गेला नव्हता. आलेला नंबर असा खेळून जात नाही, हे मावशींनी तिला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. पण वाढला होता तो अगदी थोडा. मावशी समाधानाने "हं" म्हणाल्या, आणि त्यांचं "हं" म्हणजे मोठी शाबासकी असते.

परवाचीच गोष्ट. शाळेच्या व्हरांड्यात यंदाची तपासणी चालू होती. बालवर्गातली एक पिटुकली रेघेवर उभी राहिली. लहान मुलांसाठी चित्रांचा तक्ता असतो. तिने तो वरपासून खालपर्यंत न चुकता सांगितला. मावशी म्हणाल्या, "वा! तुझे डोळे एकदम छान. तुला चष्मा नको."

पिटुकलीने भोकाड पसरलं. "मला पण हवा! काचेच्या भिंतीला आहे, मला का नाही?"

कुणी कितीही समजावलं तरी रडणं थांबेना. शेवटी मावशींनी मला उचललं. माझ्या फिरक्या फिरवून मला होईल तेवढं लहान केलं, आणि एकही भिंग न घालता तिच्या नाकावर बसवलं.

"हा तुझा नंबर," त्या म्हणाल्या. "काहीच नाही. सगळ्यात भारी नंबर. आता जा, मैदानात जाऊन बघून ये."

ती पळाली. नाकावर मी, एका हाताने मला धरलेलं. मैदानाच्या मधोमध जाऊन ती थांबली आणि तिने तोंड वर केलं. इतक्या वर्षांत माझ्या वर्तुळांतून किती काचा गेल्या, पण त्या दिवशी तिथे काहीच नव्हतं, नुसती हवा होती. तिचे दोन लखलखीत डोळे, आणि समोर सगळं आकाश. लांब, खूप लांब एक घार फिरत होती. पिटुकलीला ती दिसली. तिच्या नाकावर बसून मीही ती पाहिली.

मित्रांनो, तुम्हाला कधी माझी गरज पडली तर घाबरू नका, लपवू नका. माझ्या आत बसलेली काच ही शिक्षा नव्हे. दिसत नसेल तर मोठ्यांना सांगा. हातातला टॅब अधूनमधून खाली ठेवा, पापण्या मिटा, खिडकीशी जा, आणि रोज थोडं तरी उन्हात हुंदडा. तरीही वर्षातून एकदा मला भेटायला या. मी तुमच्या नाकावर अलगद बसेन, टोचणार नाही.

पण माझं ऐकाल तर मला रिकामीच बसू द्या.